कर्नल कंपाईल करताना अडलं कुठे, ते कसं ओळखायचं?



आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. दोन जीबी रॅम, दोन कोअरचा प्रोसेसर. त्यावर डेबियन 12 हे लिनक्स टाकलं आणि तो पुन्हा कामाला लागला. यू-डायसची माहिती भरणं, मुलांचे दाखले टाईप करणं, सगळं त्याच्यावरच चालतं. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण दिवाळीच्या सुट्टीत डोक्यात किडा वळवळला, की तयार कर्नल न वापरता मूळ सोर्सवरून आपणच तो का कंपाईल करू नये? पुढच्या चार दिवसांत बिल्ड पाच वेळा अडकलं आणि एकदा तर संगणक सुरूच होईना. शाळा उघडायला तीन दिवस उरले होते आणि शाळेत दुसरा संगणक नाही. तेव्हा जे शिकलो ते इथे देतो. (आज्ञा आणि एरर मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

कर्नल, सोर्स आणि गिरणी

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्क, कीबोर्ड, मेमरी, पडदा यांच्याशी थेट बोलणारा भाग तोच. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स कर्नलची घोषणा केली. तेव्हापासून त्याचा सोर्स कोणालाही उतरवून घेता येतो.

तयार लिनक्स म्हणजे दुकानातलं पिठाचं पाकीट. सोर्स म्हणजे गहू. तो आपण स्वतः गिरणीत न्यायचा. जाड दळायचं की बारीक, हे गिरणीवाल्याला सांगावं लागतं. इथे ते सांगणारी फाईल म्हणजे 'डॉट कॉन्फिग'. कोणते ड्रायव्हर हवेत, कोणते नकोत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि गिरणीत आपल्या आधी कोणी मिरची दळली असेल तर काय होतं ते सांगायला नको. मागच्या अर्धवट बिल्डच्या फाईली फोल्डरमध्ये राहिल्या तर तसंच होतं. 'मेक क्लीन' ने त्या जातात. 'मेक एमआरप्रॉपर' मात्र डॉट कॉन्फिगसुद्धा पुसून टाकतं, म्हणून आधी तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मी ठेवली नव्हती.

शेवटची एरर नाही, पहिली एरर

बिल्ड थांबलं की पडद्यावर सगळ्यात खाली 'एरर 2' दिसतं. आपण तेच शोधत बसतो. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की आत कुठलं तरी काम फसलं. वर्गातून चार मुलं रडत बाहेर आली तर शेवटी आलेल्याला विचारून उपयोग नसतो, भांडण सुरू कोणी केलं ते बघावं लागतं. एका वेळी अनेक कामं चालू असतील, म्हणजे 'मेक -जे4' दिलं असेल, तर खरी एरर शेदोनशे ओळी वर गेलेली असते. म्हणून बिल्डचा सगळा मजकूर एका फाईलमध्ये साठवा आणि त्यात वरून खाली पहिली 'एरर' शोधा. किंवा पुन्हा एकदा 'मेक -जे1' द्या. एका वेळी एकच काम चालेल आणि जिथे फसेल तिथेच थांबेल.

मला पहिल्यांदा 'एरर 127' दिसली. तिच्याच वर 'फ्लेक्स : नॉट फाउंड' असं लिहिलेलं होतं. 127 म्हणजे सांगितलेली आज्ञाच संगणकाला सापडली नाही. फ्लेक्स टाकलं, मग बायसन मागितलं, मग ओपनएसएसएलची हेडर फाईल सापडेना. असं एकेक करण्यापेक्षा आधीच बिल्ड-इसेन्शियल, बीसी, फ्लेक्स, बायसन, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह आणि लिबएनकर्सेस-डेव्ह ही पॅकेजं टाकून घ्या. नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलंच हवं. लायब्ररी आधीच संगणकात असते, पण कंपाईल करायला लागणाऱ्या हेडर फाईली त्या 'डेव्ह' पॅकेजमध्ये असतात.

दुसरी अडचण डेबियनचं कॉन्फिग उचलल्यामुळे आली. 'नो रूल टू मेक टार्गेट' आणि पुढे डेबियनच्या सर्टिफिकेट फाईलचं नाव. डेबियनचे लोक आपला कर्नल स्वतःच्या सर्टिफिकेटसह बांधतात. ती फाईल मूळ सोर्समध्ये नसते. कॉन्फिगमध्ये 'सिस्टीम ट्रस्टेड कीज' ही ओळ रिकामी केली की काम पुढे सरकतं.

फोल्डरबद्दलही सांगतो. सोर्स पेनड्राईव्हवर उलगडू नका. पेनड्राईव्हच्या फॅट पद्धतीत लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक होत नाही. कर्नलच्या नेटवर्क विभागात मात्र काही फाईलींची नावं फक्त अक्षरांच्या लहानमोठेपणाने वेगळी आहेत. एक फाईल दुसरीवर बसते आणि नंतर अशी एरर येते की डोकं खाजवत राहावं. फोल्डरच्या नावात रिकामी जागाही चालत नाही. आपण शिक्षक 'नवीन फोल्डर अंतिम 2' अशी नावं देण्यात पटाईत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घड्याळ

एक पूर्ण रात्र माझी ज्यात गेली ते आता. बिल्ड चालू असताना मधूनमधून एक इशारा येत होता : 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड'. इशाराच आहे, एरर नाही, म्हणून मी सोडून दिला. रात्रभर संगणक चालला, सकाळी बिल्ड नव्वद टक्के झालं असेल. एका ड्रायव्हरपाशी अडकलं म्हणून तो ड्रायव्हर कॉन्फिगमधून काढला आणि पुन्हा 'मेक' दिलं. ते पहिल्यापासून सगळं दळायला बसलं!

कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे वीज गेली की संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. आता 'मेक' काम कसं करतं ते बघा. प्रत्येक सोर्स फाईलची वेळ आणि त्यापासून तयार झालेल्या फाईलची वेळ ते ताडून पाहतं. तयार फाईल नंतरची असेल तर 'हे झालंय' म्हणून पुढे जातं. सोर्स नंतरचा असेल तर 'बदल झालाय' असं समजून पुन्हा कंपाईल करतं. माझा सोर्स अलीकडच्या तारखेचा आणि रात्री तयार झालेल्या फाईली मात्र कित्येक वर्षांपूर्वीच्या! मेकच्या हिशेबाने एकही फाईल झालेली नव्हती. त्याचं काहीच चुकलं नाही. हजेरीपटावर तारीखच चुकीची टाकली तर साहेब आपल्याला गैरहजरच धरणार.

सीआर 2032 नावाची बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. ती बसवली, तारीख नीट केली, 'मेक क्लीन' दिलं. बिल्डला बसण्याआधी 'डेट' ही चार अक्षरी आज्ञा देऊन तारीख पाहायची, ही सवय मला तेव्हापासून लागली.

मेमरी, डिस्क आणि वीज

'किल्ड' एवढाच शब्द येऊन कंपायलर थांबला तर बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. 'डीमेसेज' आज्ञेत 'आउट ऑफ मेमरी' दिसलं की खात्री पटते. 'जे' चा आकडा कमी करा, स्वॅप वाढवा. माझ्याकडे सगळं कंपाईल होऊन शेवटच्या जोडणीला असं झालं, कारण डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डीबगची माहिती चालू असते. ती बंद केली. त्याने डिस्कवरची जागाही खूप वाचते. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येण्याचंही तेच एक मोठं कारण.

कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाईलवर कोसळत असेल तर मात्र सोर्सवर संशय घेऊ नका. सोर्समधली चूक दर वेळी त्याच ओळीवर सापडते. जागा बदलत असेल तर रॅम खराब आहे किंवा प्रोसेसर तापतोय. पंख्यातली धूळ काढा आणि मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

वीज गेली तर? कंट्रोल-सी दाबून बिल्ड थांबवलं तर मेक अर्धवट फाईल स्वतः पुसतं. वीज गेल्यावर त्याला ती संधीच मिळत नाही. शून्य आकाराच्या फाईली मागे राहतात आणि पुढच्या वेळी मेक त्यांना 'झालेल्या' समजतं. मग अगदी शेवटी, जोडणीच्या वेळी 'फाईल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' अशी तक्रार येते. शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाईली शोधून पुसा आणि पुन्हा मेक द्या.

संगणक सुरू होत नाही

बिल्ड झालं तेव्हा पेढे वाटावेसे वाटले. संगणक पुन्हा सुरू केला. पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या, आणि 'अलर्ट! यूयूआयडी अमुक-अमुक डझ नॉट एक्झिस्ट' असं येऊन एक वेगळाच प्रॉम्प्ट उभा राहिला.

इथे घाबरून डेबियन पुन्हा टाकायला धावू नका. शेवटचा संदेश कोणता आला, त्यावरून गाडी कुठपर्यंत आली होती ते कळतं. सुरू होण्याचा क्रम असा : बायॉस ग्रबला बोलावतं, ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस मेमरीत आणतं, कर्नल जागा होतो, इनिटरॅमएफएसमधल्या मॉड्यूलच्या मदतीने डिस्क ओळखली जाते, मूळ विभाग जोडला जातो, आणि मग 'इनिट' हा पहिला प्रोग्रॅम सुरू होतो. 'ग्रब' असा प्रॉम्प्ट आला तर कर्नलपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. 'अपडेट-ग्रब' राहिलंय का ते पाहा. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' नंतर काळा पडदा असेल तर ग्रबच्या यादीत 'ई' दाबून 'क्वाएट' हा शब्द काढा. कर्नल काय बोलतोय ते दिसायला लागेल. तरीही काळाच राहिला तर त्याच ओळीत 'नोमोडसेट' लिहा, गडबड बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरची असते. 'कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस' आलं तर कंसातले आकडे वाचा. 'अननोन-ब्लॉक (0,0)' म्हणजे कर्नलला डिस्कच ओळखता आली नाही. 8 आणि 1 असे आकडे असतील तर डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाईल सिस्टीम त्याला वाचता येत नाही.

माझ्याकडे इनिटरॅमएफएस चालू झालं होतं, म्हणजे कर्नल जागा होता. डिस्क तेवढी सापडत नव्हती. यूएसबी कीबोर्डही मुका, कारण त्याचा ड्रायव्हरसुद्धा मॉड्यूलच असतो. अडगळीतला गोल पिनचा कीबोर्ड आणून लावला आणि पुन्हा सुरू केलं. 'एलएस' ने 'डेव्ह' फोल्डर पाहिलं तर 'एसडीए' नाही. चालू मॉड्यूलची यादी पाहिली तर ती रिकामी!

मग उलगडा झाला. मी 'मेक इन्स्टॉल' आधी दिलं होतं आणि 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' नंतर. इन्स्टॉल करतानाच डेबियन इनिटरॅमएफएस बांधून टाकतं. त्या वेळी मॉड्यूल जागेवर नव्हतेच, म्हणून डबा रिकामाच बंद झाला. 'मिसिंग लिब मॉड्यूल्स' असा इशाराही आला होता. पुन्हा तेच, इशारा आहे म्हणून वाचला नव्हता.

यातून बाहेर पडता आलं ते जुना कर्नल पुसला नव्हता म्हणून. ग्रबच्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये तो होता. त्याने संगणक सुरू केला, 'अपडेट-इनिटरॅमएफएस' आज्ञा नव्या कर्नलचं नाव देऊन चालवली, पाच मिनिटांत काम झालं. कॉन्फिगमध्ये 'लोकल व्हर्जन' या जागी स्वतःचं काही नाव जरूर टाका. मी 'शाळा1' टाकलं होतं. नाव वेगळं असल्यामुळे नव्याच्या फाईली जुन्यावर बसत नाहीत. नवा कर्नल निदान आठवडाभर नीट चालेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही.

पेनड्राईव्ह का दिसेना?

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडून आलेली पेनड्राईव्ह लावली, तर 'अननोन फाईल सिस्टीम टाईप व्हीफॅट'. बिल्ड लवकर व्हावं म्हणून मी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरलं होतं. ही आज्ञा त्या क्षणी चालू असलेले ड्रायव्हर पाहते आणि बाकीचे मॉड्यूल गाळते. रात्रभराचं काम त्याने दोन तासांवर आलं, हे खरं. पण ती आज्ञा देताना पेनड्राईव्ह लावलेली नव्हती, प्रिंटरही बंद होता. जे चालू नव्हतं ते सगळं गळालं.

त्या दिवशी जुन्या कर्नलवर संगणक चालू केला आणि यू-डायसचं काम उरकलं. शनिवारी दुपारी पेनड्राईव्ह लावली, प्रिंटर चालू केला, प्रोजेक्टर जोडला, इंटरनेटचा डोंगल खोचला आणि मगच लोकलमॉडकॉन्फिग दिलं. आधी 'डेट' पाहिली. तारीख बरोबर होती. या वेळी नाव 'शाळा2'.