ताटातले सहा रस : मुलांचा आहार आणि आयुर्वेदातला समतोल



आहाराचा पाठ शिकवताना आपण पिष्टमय पदार्थ, प्रथिने, जीवनसत्त्वे सांगतो. ते हवंच. पण "वांगं वातूळ असतं", "यानं पित्त होतं" हे मुलं घरी ऐकतात आणि वर्गात विचारतात. तेव्हा उत्तर आपल्याकडे हवं ना? म्हणून हा छोटासा लेख.

तीन दोष आणि सहा रस

आयुर्वेदानुसार वात, पित्त आणि कफ हे तीन दोष समतोल असले की शरीर निरोगी राहते. अन्नातील रस, म्हणजे चवी, हे दोष वाढवतात किंवा शांत करतात.

- वात शांत करणारे : मधुर (गोड), आम्ल (आंबट), लवण (खारट)
- पित्त शांत करणारे : मधुर, तिक्त, कषाय (तुरट)
- कफ शांत करणारे : कटू, तिक्त, कषाय

इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो. संस्कृतातले 'कटू' म्हणजे आपलं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू! मिरची कटू, कारलं तिक्त. फळ्यावर आधी हेच लिहा.

समतोल म्हणजे वगळणं नव्हे

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डब्यात बरेच दिवस नुसती कोरडी पोळी येत होती. कुणीतरी "हिची कफ प्रकृती आहे" असं सांगितलं आणि घरच्यांनी दूध, केळं, भात, तूप सगळंच बंद केलं. मुलगी निम्मा डबा तसाच परत न्यायची. पालकहो, असं करू नका. आयुर्वेद बालपणाला कफाचाच काळ मानतो, कारण ते वाढीचं वय आहे. चरकसंहितेत तर सर्व रस खाण्याची सवय बळ देते आणि एकाच रसाची सवय दुर्बळ करते, असं स्पष्ट सांगितलं आहे. आपल्या पारंपरिक ताटाकडे बघा : वरण-भात-तूप, लिंबू, मीठ, चटणी, मेथीची भाजी, कोशिंबीर. सहा रस आपोआप येतात.

आणि मूल सतत थकलेलं, फिकट दिसत असेल, तर प्रकृतीची चर्चा नंतर. आधी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या.

ऋतूप्रमाणे काय द्यावं?

1. हेमंत-शिशिर : भूक चांगली लागते. बाजरीची भाकरी, तीळगूळ, तूप पचतं.
2. वसंत : साठलेला कफ वाढतो. पाडव्याला कडुलिंबाचा पाला खातात तो याच दिवसांत.
3. ग्रीष्म : गोड, पातळ, थंड गुणाचं. दूध-भात, शहाळ्याचं पाणी.
4. वर्षा : पचनशक्ती मंद, वात वाढलेला. गरम, हलकं अन्न, उदा. मुगाची खिचडी, सुंठ.
5. शरद : पित्ताचा काळ. तिखट, आंबट कमी; दूध, तूप, पडवळ चालतं.

किती खावं? पोटाचे चार भाग कल्पा : दोन घन अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी, एक रिकामा. म्हणून "ताट संपव" म्हणण्याआधी "भूक आहे का?" हे विचारा.

वर्गातला उपक्रम

सहा वाट्यांत गूळ, चिंच, मीठ, आल्याचा बारीक तुकडा, मेथीदाणा आणि कच्च्या पेरूची फोड ठेवा. कुणाला कशाची अॅलर्जी नाही ना, ते आधी विचारा. मुलांनी चव घेऊन रसाचं नाव सांगायचं. शेवटी आवळा द्या. त्यात खारट सोडून बाकी पाचही रस आहेत असं आयुर्वेद मानतो. मुलांना किती ओळखता येतात बघा!

घरचा अभ्यास : कालच्या जेवणात कोणते रस होते आणि कोणता नव्हता, ते वहीत लिहून आणा. बहुतेक वह्यांत 'कडू' आणि 'तुरट' हे रकाने रिकामे दिसतील. पालकसभेत नेमकं तिथूनच बोलायला सुरुवात करा. डब्यातून काय काढायचं यापेक्षा त्यात काय घालायचं, हे पालकांना जास्त पटतं.

करून बघा आणि मुलांनी काय लिहिलं ते नक्की कळवा.