हेराची हत्यारे

मंडळी, हत्यार म्हटले की डोळ्यांपुढे तलवार येते. पण सुताराचा रंधा, तेही हत्यारच. नवी पेठेत हमाल गठ्ठ्याला दोर बांधतो, पोत्याला आकडा लावतो. तो दोर आणि तो आकडा म्हणजे त्याची हत्यारे. हाच दोर रात्री किल्ल्याच्या कड्यावरून खाली सोडला तर? कामाचे हत्यार लढाईचे झाले!

शिवाजीमहाराजांच्या काळी असेच घडले. शत्रूची फौज मोठी. त्याच्याजवळ हत्ती, तोफा, पैसा. महाराजांजवळ माणसे थोडी. म्हणून लहान हत्यार, रात्रीची वेळ आणि पक्की खबर यांवर त्यांनी भर दिला.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानाला भेटले. त्या वेळी वाघनख आणि बिचवा कामी आले. वाघनख म्हणजे लोखंडी पट्टी. तिला वाघाच्या नखांसारखी वाकडी टोके असतात. दोन्ही कडांना अंगठ्या असतात. त्या बोटांत घालून मूठ मिटली, की नखे दिसत नाहीत, नुसत्या अंगठ्या दिसतात. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी वाकडी, लहान कट्यार. लंडनच्या संग्रहालयातले एक वाघनख २०२४ साली साताऱ्यात लोकांना पाहायला ठेवले. पण ते महाराजांचेच, असा पक्का पुरावा नाही, असे ते संग्रहालयच सांगते.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले. घोरपडीला दोर बांधला, ही गोष्ट पोवाड्यातली. घोरपडीला माणसाचा भार कसा पेलेल? कड्याकपारीत वाढलेले मावळ्यांचे हातपाय, तेच खरे हत्यार. पुढे १६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला.

पण आधी खबर हवी. ती आणणारे होते बहिर्जी नाईक, महाराजांचे जासूद. १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेआधी तिथली बातमी त्यांनी आणली. १६७९ साली जालन्याहून परतताना मोगल फौजेने महाराजांना गाठले. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. तिथे महाराज विसावले, म्हणून त्या किल्ल्याचे नाव विश्रामगड पडले. त्या दिवशी फौज कशाने वाचली? तलवारीने नव्हे, वाटेच्या माहितीने.

दूर जपान देशातही असे हेर होते. त्यांना निंजा म्हणतात. सिनेमातला निंजा काळे कपडे घालून उड्या मारतो. खरा निंजा व्यापारी, भिक्षू असा वेष घेऊन चारचौघांत मिसळत असे. १६८१ साली तिकडे एक पुस्तक लिहिले गेले. हेराने जवळ बाळगायच्या सहा वस्तू त्यात सांगितल्या आहेत. तोंड झाकायला विणलेली टोपी, आकडा लावलेला दोर, औषध, लांब पंचा, विस्तव पेटवायचे साधन आणि लिहायची दगडी लेखणी. या सहांत तलवार नाही. लेखणी मात्र आहे!

लेखणी कशाला? तोंडी निरोपात एक गोष्ट राहून जाते, दुसरी वाढते. पहारेकरी ६ होते की १६, हे विसरले तर माणसे मरतात. लिहून ठेवले की चूक टळते.

आपल्याला किल्ला चढायचा नाही. पण पावतीवर ८० गठ्ठे लिहिलेत की ६०, हे न वाचता अंगठा उठवला, तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हमालबंधूंनो, दोन्ही आकडे हाती असू द्या. एक लोखंडाचा, दुसरा पावतीवरचा.

शब्दांचे अर्थ
जासूद : बातमी काढणारा, हेर
आडवाट : नेहमीची नसलेली वाट
भिक्षू : भिक्षा मागून राहणारा साधू

प्रश्न
१. वाघनख मुठीत का दिसत नाही?
२. विश्रामगड हे नाव कसे पडले?
३. तुमच्या कामाची तीन हत्यारे लिहा.