रानातील भूछत्रे : ओळख आणि सावधगिरी

पावसाळा मार्गी लागला की औंढा नागनाथ, कळमनुरी या भागातील टेकड्यांवर, सागाच्या रानात, बांधावर आणि वारुळांवर भूछत्रे उगवतात. गुराखी, शेतमजूर स्त्रिया व शाळकरी मुले यांच्या नजरेस ती प्रथम पडतात. फुकट मिळालेली भाजी घरी नेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी व पालकांनी भूछत्राची शास्त्रीय ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

भूछत्र म्हणजे काय?

भूछत्र ही वनस्पती नव्हे, ती बुरशी होय. तिच्यात हरितद्रव्य नसते. त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. जमिनीत किंवा कुजक्या लाकडात तिचे बारीक धागे पसरलेले असतात. आपल्याला दिसणारी छत्री ही बीजाणू पसरविण्यासाठी वर आलेली असते.

वारुळावरील अळंबी, जिला विदर्भात सात्या म्हणतात, ही वाळवीची शेती आहे. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याची पोळ्यासारखी रचना करून त्यावर ही बुरशी वाढविते. म्हणून या छत्रीचा देठ मुळासारखा खोल जातो व टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या बुरशीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले.

नावावर विसंबू नये

चुंदाने तथागतांना दिलेल्या भोजनातील ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे कोवळे मांस की अळंबी, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. केवळ नावावरून पदार्थ ओळखता येत नाही, हेच यातून दिसते. ‘भूछत्र’, ‘कुत्र्याची छत्री’ ही नावेही एका जातीची नाहीत. एकाच नावाखाली खाद्य आणि विषारी दोन्ही येतात.

निरीक्षण कसे करावे?

१. भूछत्र कोठे उगवले ते लिहावे : वारूळ, शेण, गवत की लाकूड. मात्र जागा हा पुरेसा पुरावा नव्हे. वारुळावर पोडॅक्सिससारखी वेगळी बुरशीही उगवते.

२. देठ मोडू नये, बुडापासून खणून काढावा. ॲमानिटा गटातील विषारी जातींच्या बुडाशी वाटीसारखे वेष्टन असते. वरून तोडल्यास ते मातीतच राहते.

३. देठावर कडे आहे काय, टोपीखालील पापुद्रे कोणत्या रंगाचे आहेत, हे पाहावे.

४. टोपी कापून पापुद्रे खाली येतील अशी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. सकाळी बीजाणूंचा ठसा दिसतो. गवतात उगवणारे क्लोरोफायलम हे पांढरे, तपकिरी खवल्यांचे भूछत्र खाद्य अळंबीसारखे दिसते. पण त्याचा ठसा हिरवट येतो. ते विषारी आहे.

हा अभ्यास ओळखीसाठी आहे, चव घेण्यासाठी नाही. हाताळल्यावर हात धुवावेत.

घातक समजुती

चांदीचे नाणे किंवा लसूण टाकून काळे पडले नाही तर भूछत्र चांगले. किड्यांनी खाल्ले ते माणसाला चालते. उकळले की विष जाते. या तिन्ही समजुती खोट्या आहेत. घातक ॲमानिटातील विष उकळण्याने वा वाळविण्याने नष्ट होत नाही.

विषबाधा झाल्यास

क्लोरोफायलम खाल्ल्यास एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. घातक ॲमानिटाची लक्षणे मात्र बहुधा सहा तासांनंतर दिसतात. पुढे एखादा दिवस रोग्याला बरे वाटते, पण त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून “आता उतार पडला” असे समजून घरी थांबू नये. झाडपाला, मंत्रतंत्र यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उरलेले भूछत्र व भाजी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विषाचा अंदाज येतो. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना दाखवावे, लक्षणे नसली तरीही.

रानातील अळंबी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ज्ञान मोलाचे आहे. मुलांनी त्यांच्याबरोबर जावे, विचारावे, टिपून घ्यावे. परंतु ज्याची पूर्ण खात्री नाही ते भूछत्र ताटात येऊ देऊ नये. एक वेळची भाजी चुकली तरी चालेल, घरातील माणूस गमावता कामा नये.