लिथियमच्या तुरी अजून बाजारातच

फेब्रुवारी 2023 मध्ये मी बारावीत होते. जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमाना भागात 59 लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली आणि मी घरात जाहीर करून टाकलं, "आता आपण बॅटरीचे सौदी अरेबिया!" यंदा सेमिनारला मी तोच विषय घेतला. पहिल्याच मिनिटाला सरांनी विचारलं, "59 लाख टन काय? लिथियम की दगड?" माझी विकेट तिथेच पडली.

तर मित्रांनो, अशी बातमी वाचली की चार प्रश्न विचारा.

1) माल किती? लिलावाच्या माहितीप्रमाणे 59 लाख टन हा बॉक्साइटचा थर आहे. त्यात लिथियम धातू सुमारे 3,400 टन. भागाकार केला तर 0.06 टक्केसुद्धा भरत नाही! ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस खाणीत हेच प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आहे. एका मोटारीच्या बॅटरीला 8 किलो लिथियम धरा आणि काढताना निम्मं वाया गेलं असं समजा. अख्ख्या साठ्यातून जेमतेम 2 लाख गाड्या!

2) खात्री किती? शोधाच्या पायऱ्या जी-4 पासून जी-1 पर्यंत असतात. जी-1 म्हणजे सविस्तर तपासणी. रियासी आहे जी-3 वर, म्हणजे अंदाजच. त्यावर कोण कर्ज देणार?

3) निघेल का? जगातलं बहुतेक लिथियम खारट पाण्यातून किंवा स्पोड्युमीन नावाच्या खनिजातून काढतात. इथे ते मातकट थरात अडकलंय. लॅबमध्ये निघणं वेगळं आणि रोज हजारो टन दगडातून काढणं वेगळं. त्यात डोंगराळ, भूकंपाचा भाग, शेजारी चिनाब.

4) परवडेल का? चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव 2022 च्या शेवटी टनाला 6 लाख युआनजवळ होता, 2024 च्या सुरुवातीला 1 लाखाच्या आसपास आला. खाण उभी राहायला लागतात वर्षं, आणि भाव तोवर थांबत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये या ब्लॉकचा लिलाव काढला. पुरेसे बोलीदार आले नाहीत म्हणून मार्च 2024 मध्ये तो रद्द झाला. म्हणजे कंपन्यांनीही हेच गणित केलं असणार.

याचा अर्थ तिथे कधीच खाण होणार नाही असा नाही. आणखी बोअर घेतले, नवी पद्धत सापडली तर उत्तर बदलेल. पण सलालच्या लोकांनी बातमी ऐकून नोकरीची, जमिनीच्या भावाची स्वप्नं पाहिली असतील. त्यांना 'साठा' आणि 'खाण' यातला फरक आपण इंजिनियर मंडळींनीच सांगायला हवा. नाहीतर बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

(कॉन्व्हेंटवाली आहे, शुद्धलेखन पोटात घाला.)