गाल कडक झाला, म्हणून पेशी बिघडते?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रोह्याला धाटावच्या कंपनीत आहे. बरीच वर्षं गुटखा खातो. आता वडापाव खायलाही तोंड पुरतं उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, "गाल आतून कडक झालाय, पुढे कॅन्सरचा धोका आहे." कडकपणाचा कॅन्सरशी काय संबंध?
— एक वाचक, पेण

उत्तर : संबंध आहे. आसपासचा भाग मऊ की कडक, हे पेशीला कळतं. तुमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात कारागीर शाडूचा गोळा अंगठ्याने दाबून बघतो ना, तशी पेशीही चाचपणी करते. फक्त दाबत नाही, भोवतालचे धागे स्वतःकडे ओढून बघते. धागे ताठ निघाले की ती पसरते आणि 'याप' नावाचं प्रथिन तिच्या केंद्रकात शिरून वाढीची जनुकं चालू करतं.

२००६ साली अमेरिकेत चौघा संशोधकांनी एकाच जातीच्या मूळपेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, मध्यम जेलवर स्नायूंच्या, कडक जेलवर हाडांच्या. त्या चौघांतले शमिक सेन पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

आता भावाचा गाल. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे तिथल्या पेशी जास्त कोलॅजन तयार करतात. सुपारीतलं तांबं कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला जोर देतं. गालाच्या आत बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागतात. कडक झालेल्या जागी पेशी आणखी ओढतात, आणखी कोलॅजन घालतात. दुष्टचक्रच.

तरी सगळा दोष कडकपणावर टाकू नका. सुपारी स्वतःच कर्ककारक आहे, तंबाखू तर आहेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने एर्नाकुलममध्ये गाल असा कडक होण्याच्या विकाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे होईलच असं नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते मात्र सगळ्यांना ठाऊक! गुटखा सोडल्याने आवळलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही, पण पुढचं आवळणं थांबू शकतं. भावाला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर सुपारी, गुटखा, मावा आजच बंद करा आणि त्याला तपासणीसाठी रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.