कातडीपासून दोन बोटांवर

१. वास ओळखीचा निघाला.

डोंबिवली ते ठाणे अशी बावीस वर्षं लोकलने नोकरी केली. पन्नाशीच्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याने धरलं. उठताना कळ यायची, पूल उतरताना तर प्रत्येक पायरीवर. नौपाड्यातल्या एका अॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंकडे मैत्रिणीने नेलं. सुया लावून झाल्यावर त्यांनी कागदात गुंडाळलेली जाड विडीसारखी कांडी पेटवली आणि तिचं निखाऱ्याचं टोक गुडघ्याजवळ आणलं. मी घाबरले होते, पण धूर नाकात गेला आणि लहानपणीची चैत्रातली जोतिबाची वारी आठवली. आईने आणलेला दवणा सुकून गेल्यावर जाळला तर असाच वास येईल.

हा भास नव्हता. जोतिबाला वाहतात तो दवणा आर्टेमिसिया कुळातला. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर माजणारा ढोरदवणा त्याच कुळातला, आणि चिनी लोक जिच्या पाल्यापासून या कांडीतला मोक्सा करतात ती वनस्पतीही त्यांचीच बहीण. ज्या बहिणीपासून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि ज्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल दिलं गेलं, तीही याच घरातली. पाला वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. शेवटी कापसासारखी लव उरते. ती भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. म्हणून तर ती शेकाला चालते.

२. सुई आणि शेक ही जोडी आहे.

आपण नुसतं अॅक्युपंक्चर म्हणतो. चिनी भाषेत या उपचाराचं नावच दोन अक्षरांचं आहे: झेन म्हणजे सुई, ज्यू म्हणजे जाळून दिलेला शेक. हुनान प्रांतात मावांगदुईच्या एका थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. त्या मजकुरांत शेकाच्या वाटा आहेत, सुयांचा उल्लेख नाही.

ही विद्या आपल्याकडे आली त्या वाटेवर आपला सोलापूरचा माणूस उभा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिथेच गेले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात रुजवलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे उपचार घेण्याआधी समोरच्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे सरळ विचारावं. मी विचारलं. बाईंनी न दुखावता भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

३. गुण आला, पण त्याचं माप नीट सांगायला हवं.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, झुसानली. जपानी कवी बाशो १६८९ साली उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा त्याने पायांवर याच जागी मोक्सा घेतला होता. चालणाऱ्यांची जागा! बाई तिथे कांडी धरत आणि चिमणी दाणे टिपते तसा हात खाली-वर करत. ऊब कातडीवर थांबत नाही, हळूहळू आत उतरते. पंधरा मिनिटांनी गुडघा आपला वाटू लागतो.

दहा वेळा झाल्यावर सकाळचं आखडणं निम्म्यावर आलं. कठडा न धरता पूल उतरले, तो दिवस मी विसरणार नाही. पण त्याच महिन्यांत मांडीचे व्यायामही चालू होते, वजनही थोडं उतरलं होतं. क्ष-किरणात हाडांमधली जागा पूर्वी होती तेवढीच आहे. झिजलेला सांधा शेकाने भरून येत नाही. दुखणं सैल होतं, स्नायू ढिले होतात, झोप लागते. एवढ्यासाठीही मी त्याची ऋणी आहे.

४. पोटातलं बाळ फिरवण्याचा उपयोग खूप सांगतात.

पायाळू बाळासाठी पायाच्या करंगळीच्या नखाजवळ शेक देतात. जिआंगशी प्रांतात २६० पहिलटकरणींवर केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. शेक घेतलेल्या १३० जणींपैकी ९८ जणींची बाळं पस्तिसाव्या आठवड्यात डोक्याकडून आली होती, न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींची. पुढे इटलीत तोच प्रयोग केला, तेव्हा बायकांना धुराचा त्रास झाला, फरकही दिसला नाही. कल्याणच्या माझ्या भाचीने तिच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना विचारून केलं. बाळ फिरलं नाही. सिझेरियन झालं आणि दोघं सुखरूप आहेत. डॉक्टरांना आधी विचारलं होतं, म्हणून त्या दिवसांत धावपळ झाली नाही.

५. धूर घरात कोंडू देऊ नये. खिडकी उघडी, पंखा मंद, दम्याचं माणूस घराबाहेर. कांडी पाण्यात बुडवू नये, वाळूच्या डब्यात खोचून विझवावी.

६. शेक आपल्यालाही नवा नाही, आणि त्यातला धोकाही नवा नाही.

माझ्या बाळंतपणात आईने बाजेखाली शेगडी ठेवली होती, ओवा नि बाळंतशेपा टाकून. त्या धगीत मी दोन-दोन तास गाढ झोपायचे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर अख्खा अध्याय आहे, आजही वैद्य शलाका तापवून टाचेला टेकवतात. आणि याच राज्यात मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांना गरम विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या येत राहतात. ते वाचताना अंगावर काटा येतो. दोन्हीकडे आगच आहे. कुठे, किती जवळ, कुणाच्या अंगावर, सगळं त्यावर ठरतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बरं वाटल्यावर मी कांड्या विकत आणल्या. सासूबाईंची टाच दुखायची. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. मी कांडी धरून विचारत होते, "आई, गरम लागतंय का?" त्या म्हणायच्या, "छान वाटतंय गं." त्यांच्या पायाला भाजल्याचं कळतच नव्हतं. संध्याकाळी फोड आला. जखम भरायला दीड महिना लागला. रोज ड्रेसिंग मी केलं, आणि त्या दीड महिन्यात त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही.

बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, माझी तर्जनी आणि मधलं बोट त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवलं आणि कांडी वर धरली. म्हणाल्या, "लहान मूल, म्हातारं माणूस, बधिर कातडी, यांच्या बाबतीत आपली बोटं सांगतात. त्यांना विचारायचं नाही." मधुमेहाच्या पावलाला मात्र हातच लावायचा नाही, हेही त्यांनी बजावलं.

यंदा जुलैत सासूबाईंचा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी तपासून गुडघ्याची संवेदना शाबूत असल्याचं सांगितलं. तरी मी कांडी काढायला धजत नव्हते. एके दुपारी त्यांनीच साडी गुडघ्यापर्यंत सावरली आणि म्हणाल्या, "आण तो तुझा दवणा." मी दोन बोटं वाटीच्या दोन्ही बाजूंना टेकवली, कांडी पेटवली, आणि बोटांना ऊब लागेपर्यंत हात हळूहळू खाली आणला.