"घेता का?"

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "दारू वगैरे घेता का?" मी म्हटलं, "नाही." शेजारी सासूबाई बसल्या होत्या, हे एक कारण. पण त्या नसत्या तरी मी नाहीच म्हटलं असतं. दारू म्हणजे सरकारी दुकानाच्या जाळीपुढे रांग लावून लोक घेतात ती, नाहीतर खेड्यातली मोहाची. मी घ्यायचे ती वाइन.

माझं माहेर रायपूरच्याच तात्यापाऱ्यातलं. तिथे असलं काही उंबऱ्याच्या आत येत नसे. लग्नानंतर यांच्या ऑफिसच्या पार्ट्या, व्हीआयपी रोडवरची हॉटेलं. "हार्टला चांगली असते" असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते पटलं. पुढे रात्रीचा ओटा आवरला की घरीच एक ग्लास. अशी आठ वर्षं गेली.

गाठ लागली ती आंघोळ करताना, बोराएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी चार महिने काढले. मध्ये दिवाळी होती, मुलाची परीक्षा होती. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

केमोच्या वेळी सिस्टरने तोच प्रश्न वेगळा विचारला. "ताई, वाइन, बिअर, काहीही?" मी हो म्हटलं. "किती?" एक ग्लास. "केवढा ग्लास?" याचं उत्तर मला देता येईना. घरी येऊन ग्लासात नेहमीच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि स्वयंपाकघरातल्या मापात ओतलं. 220 मिली. बाटलीवर 13 टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण 22 ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगात 10 ग्रॅम असतं. रोज रात्री दोन पेगांहून जास्तच पोटात जात होतं आणि मी त्याला दारू म्हणत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला कर्करोगकारक ठरवलं 1988 साली, आणि स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध नक्की केला 2007 मध्ये. आपल्याकडे बाटलीवर "आरोग्यास हानिकारक" एवढंच असतं, कर्करोगाचं नाव नसतं. शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. शिवाय इस्ट्रोजेन वाढतं. माझा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह होता, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारी गाठ. रोजच्या दर 10 ग्रॅममागे धोका साधारण 7 टक्क्यांनी वाढतो. प्रगत देशांतल्या हिशोबाने, न पिणाऱ्या 100 बायकांपैकी 80व्या वर्षापर्यंत जवळपास 9 जणींना हा आजार होतो, रोज 20 ग्रॅम घेणाऱ्यांत 10 जणींना.

माझा आजार वाइननेच झाला असं कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि मीही म्हणत नाही. ज्यांनी थेंबही घेतला नाही अशा कितीतरी जणी वॉर्डात माझ्या शेजारी होत्या. म्हणून आजारी बाईला "तू काय केलंस?" असं कृपा करून कुणी विचारू नका. पण वय आपल्या हातात नाही, आई-मावशीकडून आलेलं रक्त हातात नाही. ग्लास हातात आहे.

तुम्ही घेत असाल तर आधी तो मापून बघा. वाइन, बिअर, ब्रीझर, नाव काहीही असो, मोजायचं ते अल्कोहोल. कमी केलंत तरी धोका कमी होतो, बंद केलंत तर उत्तमच. रोज भरपूर घेणाऱ्यांनी मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून सोडावी, अंगाला कापरं भरतं, झटकेही येतात. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर तपासणी कधीपासून करायची ते विचारून घ्या. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातही स्तन तपासून देतात. गाठ लागली, निप्पल आत ओढलं गेलं, कातडीला खळी पडली, तर दुखायची वाट बघू नका. मी बघितली, आणि वाइनपेक्षाही त्या चार महिन्यांची हळहळ मला जास्त आहे.

सासूबाईंना मी महिनाभराने सांगितलं. गवार निवडत होत्या. हात थांबला नाही, पण बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सिस्टरला सांगितलंस ते ठीक. डॉक्टरांच्या कागदावर अजून 'नाही'च आहे ना? उद्या मी येते बरोबर, माझ्यासमोर सांग."